कायमची नोकरी आणि पुन्हा विद्यार्थिदशा

शिक्षकाच्या धंद्याची थोरवी आमच्या समाजास दोनच प्रसंगीं विशेष आठवते. एक शिक्षकदिनीं, आणि दुसरी, एखादा शिक्षक ती नोकरी सोडावयास निघाला म्हणजे. एरव्हीं मुलीसाठीं स्थळ पाहणारे आमचे गृहस्थ 'मुलगा मास्तर आहे' हें ऐकून किंचित् थांबतात व 'पण कायम आहे ना?' एवढेंच विचारतात. तोच मास्तर दहा वर्षांनीं 'मी पुन्हा शिकावयास जातों' असें म्हणूं लागला, कीं त्याच गृहस्थांना अध्यापन हें व्रत वाटूं लागतें, आणि व्रत अर्ध्यावर सोडूं नये असा उपदेश सुरू होतो. हा विसंवाद गेल्या दोन महिन्यांत मीं माझ्याच घरांत पाहिला, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहितों.

सोलापुरांत आम्ही दोघे बंधु एकाच घरांत, एकाच चुलीवर राहतों. धाकट्या बंधूंचा मुलगा चौतीस वर्षांचा आहे. बी.एस्सी., बी.एड्. होऊन तो एका अनुदानित माध्यमिक शाळेंत गणित शिकवितो. २००० सालीं सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेप्रमाणें पहिलीं तीन वर्षें त्यानें मानधनावर काढलीं. माध्यमिक शिक्षणसेवकाचें मानधन २०२३ सालीं अठरा हजार झालें. ह्याच्या वेळीं तें त्याच्या निम्म्याहूनहि कमी होतें. इतक्या कष्टानें कायम झालेला हा मुलगा एके दिवशीं जेवतांना म्हणाला, "काका, नोकरी सोडून पुण्यास संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यावी असें मनांत आहे. दोन वर्षें लागतील. पुढें औषधांच्या चाचण्यांचे आंकडे पडताळण्याचें काम मिळवावें म्हणतों."

बंधूंनीं हातांतला घास तसाच ठेवला. ते बँकेंत आयुष्य घालविलेले. कायम नोकरी स्वतः होऊन सोडणारा मनुष्य त्यांच्या हिशेबांत शहाणा बसत नाहीं. त्यांचा पहिला मुद्दा निवृत्तिवेतनाचा. तो मात्र आतां जुना झाला आहे. आमच्या पिढीच्या शिक्षकानें राजीनामा दिला तर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणें मागची सारी सेवा वाया जात असे. तें भय खरें होतें. परंतु १ नोव्हेंबर २००५ रोजीं किंवा त्यानंतर लागलेल्यांस तें जुनें निवृत्तिवेतन नाहींच; त्यांची अंशदानाची योजना आहे, आणि ज्याच्या त्याच्या नांवचें खातें नोकरी सुटल्यावरहि चालूं ठेवतां येतें. हें मीं त्यांना समजावून सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "दादा, तुम्ही त्याची बाजू घेतां." मी कोणाचीच बाजू घेत नव्हतों, हिशेब मांडावयाचा तर आजच्या नियमांनीं मांडावा, इतकेंच.

माझें स्वतःचें उदाहरण मात्र मीं दोघांनाहि देऊं दिलें नाहीं. १९७४ सालीं जुनी अकरावी मॅट्रिक होऊन मीं अध्यापनाची पदविका घेतली. सायंकाळीं एका शास्त्रीबोवांकडे संस्कृत शिकत होतों, आणि पुण्यास जाऊन तेंच पुढें शिकावें अशी फार इच्छा होती. त्याच सुमारास वडील वारले, पाठीवर बंधु व दोन बहिणी होत्या. माझ्यापुढें निवड अशी कांहीं उरलीच नव्हती. २०१६ सालीं निवृत्त झालों, सुखानें झालों. पण ज्याला निवड करावी लागली नाहीं त्याच्या संसारावरून, ज्याला ती करावयाची आहे त्यानें काय शिकावें?

आमच्या जिल्ह्यांत हा प्रश्न नवा नाहीं. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांस ३ डिसेंबर २०२० रोजीं दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांनीं अर्धी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांत वांटली, तेव्हां आम्हां सोलापूरकरांची मान उंचावली. पुढें त्यांना अमेरिकेंतील अभ्यासासाठीं फुलब्राइट शिष्यवृत्ति मिळाली. २०२२ च्या जानेवारींत त्यांच्या रजेचा अर्ज वर्तमानपत्रांचा विषय झाला, आणि जुलैंत त्यांनीं राजीनामा दिल्याची बातमी आली. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाहीं. पण त्या दिवसांत ओट्याओट्यांवर जीं बोलणीं ऐकलीं त्यांत एक गोष्ट लक्षांत राहिली: शिक्षकानें रजा घेऊन शिकावयास जावें, ह्यांतच पुष्कळांना कांहीं वावगें वाटत होतें. अभियंता परदेशीं शिकावयास निघाला तर पेढे वांटले जातात. मास्तर निघाला कीं प्रथम विचारलें जातें, 'मग वर्ग कोण घेणार?'

हा प्रश्न मात्र अगदींच पोकळ नाहीं. त्याकडे मी पुढें येतों.

बंधूंना मीं महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांची हकीकत सांगितली. काणे १९०४ सालीं रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षक झाले, पुढें मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलांत आले, आणि १९११ सालीं सरकारी नोकरी सोडून उच्च न्यायालयांत वकिली करूं लागले. कायद्याची पदवी त्यांनीं शिक्षक असतांनाच मिळविली होती. त्यावरची पदवी नोकरी सोडल्यावर १९१२ सालीं घेतली. त्यांचा 'धर्मशास्त्राचा इतिहास' १९३० पासून १९६२ पर्यंत पांच खंडांत निघाला, आणि १९६३ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें. शाळा सुटली, पण संस्कृत सुटलें नाहीं; उलट न्यायालयांतील हिंदु कायदा आणि घरचें धर्मशास्त्र हीं दोन्हीं एकमेकांस पोसूं लागलीं. बंधु म्हणाले, "तो एक काणे. नोकरी सोडणारे बाकीचे कोठें गेले?" ह्याचें उत्तर मजजवळ नव्हतें. थोर पुरुषांच्या चरित्रावरून घरच्या मुलाची नोकरी सोडवूं नये, हें त्यांचें म्हणणें मला मान्य करावेंच लागलें. तरी काण्यांच्या क्रमांत एक व्यवहाराची गोष्ट आहे, आणि ती सामान्य माणसालाहि साधेल: त्यांनीं आधीं शिक्षण घेतलें व मग पाय उचलला. पुतण्यालाहि मीं सांगितलें कीं, राजीनामा लिहिण्यापूर्वीं एक वर्ष रात्रीं बसून त्या विषयाचीं पुस्तकें वाचून पाहा. तो म्हणाला, "काका, दीड वर्ष तेंच करतों आहें." त्याच्या माडीवरचा दिवा उशिरापर्यंत जळतो तो कशासाठीं, हें मला त्या दिवशीं कळलें.

'अध्यापन' हा शब्द अधिपूर्वक 'इ' धातूच्या प्रयोजकापासून झाला आहे, हें संस्कृत शिकलेल्यांस सांगावयास नको. अध्ययन करणें हा मूळ अर्थ, आणि तें दुसऱ्याकडून करविणें हा प्रयोजक. मूळ क्रियाच आटली, तर प्रयोजक कशावर चालावा? निवडणुकीचें काम, जनगणना, माहितीचे तक्ते, पुन्हा त्याच माहितीचे दुसरे तक्ते, ह्यांत शिक्षकाचें अध्ययन कोठें राहतें, हें ज्यानें तें काम केलें आहे त्यालाच ठाऊक.

ह्या साऱ्या वादांत एका व्यक्तीला कोणींच कांहीं विचारलें नव्हतें. सूनबाई एका पतसंस्थेंत हिशेबनीस आहेत. मीं विचारलें तेव्हां त्यांनीं वही आणून पुढें ठेवली. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलीची फी, पुण्यांतील राहण्याचा खर्च, सारें मांडलेलें होतें. म्हणाल्या, "काका, दोन वर्षें माझ्या पगारावर आणि शिलकेवर निघतील, दागिन्यांना हात लावावा लागणार नाहीं. पण दोन वर्षांनंतर हे छत्तीस वर्षांचे होऊन काम शोधूं लागतील, तेव्हां घरांत रोज कोणी माझ्या तोंडाकडे पाहूं नये. आणि शाळेला कंटाळून जात असतील तर तोच कंटाळा पुण्यास बरोबर जाईल."

हें शेवटचें वाक्य मला साऱ्या चर्चेहून मोलाचें वाटलें. शेजारचा एक मुलगा संभाव्यतेचीं उदाहरणें घेऊन आला कीं पुतण्या जेवण विसरतो, हें आम्ही सारेच पाहतों. बंधु त्यावरून म्हणत, तो जन्माचा शिक्षक आहे. मीं त्याला एकांतीं विचारलें, "जेवण विसरतोस तें मुलासाठीं कीं गणितासाठीं?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गणितासाठीं, काका. मुलगा निमित्त असतो. हें सांगतांना लाज वाटते." लाज वाटण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं, असें मीं त्याला सांगितलें. मला उलट होत असे. उदाहरण निमित्त असे, आणि मुलाच्या चेहऱ्यावर अर्थ उमटतांना पाहण्यांत माझा वेळ जाई. अशा माणसानें शाळा सोडूं नये. ज्याला विषयाची ओढ अधिक आहे त्यानें जावें, आणि चौतिसाव्या वर्षींहि जावें, असें माझें मत झालें. बंधूंना मीं तें तसेंच कळविलें.

आतां वर्गाचा प्रश्न. खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलींत कायम शिक्षकास तीन महिन्यांची पूर्वसूचना सांगितली आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती करून, सही व तारीख घालून, एक नोंदणीकृत टपालानें व्यवस्थापनाकडे पाठवावयाची व दुसरी आपल्याजवळ ठेवावयाची. कायद्याप्रमाणें तो अशी पूर्वसूचना देऊन सुटूं शकतो. पण 'पवित्र' संकेतस्थळाच्या मार्गानें त्याच्या जागीं दुसरा शिक्षक केव्हां येईल हें कोणीं सांगावें? दहावीचा वर्ग मध्येंच गणिताच्या शिक्षकावांचून राहिला तर त्या मुलांचें तें वर्ष परत येत नाहीं. म्हणून मीं एकच अट घातली, कीं पूर्वसूचना अशा बेतानें द्यावी कीं मार्चची परीक्षा होऊन शालेय वर्ष संपेपर्यंत तो वर्गावर असेल. ती त्यानें कबूल केली. नववीच्या मुलांस पुढील वर्षीं कोण शिकवील ह्याची विवंचना त्याला अद्याप आहे, आणि ती असावी.

पत्राच्या दोन प्रती लिहून झाल्या आहेत. तारखेची जागा तेवढी कोरी आहे. प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला आहे. बंधूंनीं होकार दिलेला नाहीं. मात्र काल सूनबाईंची वही त्यांनीं मागून घेतली आणि पुण्याच्या खर्चांत खानावळीचा आंकडा कमी धरला आहे म्हणून पेन्सिलीनें दुरुस्त केला.