खाचेवरच्या खुणा

फलाटावरच्या वजनाच्या यंत्राचं वय ओळखायचं तर रंगाकडे पाहू नये, नाणं टाकायच्या खाचेकडे पाहावं, असं नाना सांगायचे. रंग कुणीही देतं. गंज दिसला की ऑईलपेंटचा हात फिरवला, झालं. खाच मात्र टांकसाळीच्या मागोमाग बदलत गेलेली असते.

नाना म्हणजे माझे वडील. कल्याणच्या पुढच्या स्टेशनांवरची ही यंत्रं ते दुरुस्त करायचे. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट, काचेआड लाल-पांढरी चकती, भोवती लुकलुकणारे रंगीत दिवे. वर उभं राहिलं की चकती फिरायला लागे. ती थांबेपर्यंत धीर धरायचा आणि मग नाणं टाकायचं. आत खटका पडे आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट खालच्या वाटीत येई. त्यावर वजन, भविष्याचं एखादं वाक्य, बऱ्याचदा नट-नटीचं चित्रही. वजनाशी कुणाला फारसं देणंघेणं नसे. गाडी उशिरा असली की अख्खं कुटुंब पाळीपाळीने चढे आणि भविष्य मोठ्याने वाचलं जाई. आई ती तिकिटं पोथीत ठेवायची.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. तेव्हाचं दहा नव्या पैशांचं नाणं तांबं-निकेलचं, पाकळीदार कडेचं, चांगलं ५ ग्रॅमचं. १९७१ मध्ये तेच दहा पैसे ॲल्युमिनियमचे झाले, आकाराने मोठे आणि वजनाने निम्म्याहून हलके. १९८८ मध्ये पोलादाचं गोल, चिमुकलं नाणं आलं. दहा पैसे ते दहा पैसेच, पण यंत्राला किंमत कळत नाही, त्याला व्यास आणि भार कळतो. नाणं आतल्या उतरणीवरून घरंगळत छोट्या तरफेवर पडतं आणि तिच्या हिसक्याने खटका सुटतो. ५ ग्रॅमला बेतलेली तरफ हलक्या नाण्याला दाद देत नाही. मग नाना कानशीने खाच रुंद करायचे, तरफेच्या दुसऱ्या टोकाचा भार थोडा थोडा तासायचे, आणि प्रत्येक वेळी पत्र्याला कान लावून नाणं सोडायचे. मी मध्येच हात घातला की म्हणायचे, "आधी ऐक, मग हात लाव." पुढे रुपयाचे दिवस आले. रुंद केलेली खाच पितळी पट्टीने बुजवून तिच्यात २५ मिलिमीटरच्या रुपयासाठी नवी खाच पाडली गेली. २०११ मध्ये तो रुपयाही आक्रसला, आणि त्याच्या जुन्या मापात दोन रुपये आले. त्याच वर्षी ३० जूनपासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. तोवर नाना थकले होते आणि फलाटावरची यंत्रंही एकेक करून उचलली जात होती.

नाना गेल्यानंतर, बंद पडलेल्या एका थिएटरच्या भंगारात मला असं एक यंत्र दिसलं. काच फुटलेली, दिवे गेलेले. खाचेवरचा रंग रॉकेलच्या बोळ्याने पुसला तर खाली पितळी पट्टी निघाली, आणि पट्टीच्या कडेला कानशीचे बारीक चरे, उलट्या अंगाला कललेले. नाना डावखुरे होते. मी तिथेच खाली बसले.

गंज काढणं, दाते ब्रशने घासणं, शिवणयंत्राचं तेल देणं हे सगळं जमतं, वेळ लागतो इतकंच. तरफेचा तोल मात्र मला अजून लागलेला नाही. नाणं कधी खटका सोडवतं, कधी नुसतंच पेटीत जाऊन पडतं. कुठे किती तासायचं हे नानांच्या कानात होतं आणि विचारायचं राहून गेलं. पत्रा नवा बसवा, आत इलेक्ट्रॉनिक कार्ड टाका, म्हणजे कुठल्याही नाण्यावर चालेल, असं जाणकारांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. यंत्र नवंकोरं दिसावं म्हणून ते चालतं ठेवणाऱ्याच्या हाताच्या खुणा पुसायच्या, ही डागडुजी मला मान्य नाही. ती पट्टी जशी होती तशीच आहे.

तुमच्या गावच्या जुन्या थिएटरात, एखाद्या गोदामात असं यंत्र पडून असेल तर ते किलोच्या भावाने देऊ नका. आधी खाच पाहा. मग तिकिटावर वजन छापणारं आतलं चाक पाहा. त्यावर पौंड असतील तर यंत्र बहुधा १९५८ मध्ये दशमान वजनं येण्याआधीचं आहे. ठिगळं, पट्ट्या, कानशीचे चरे काहीही घासून काढू नका. आणि घरात जुनी मोड असेल तर त्या मापाची चार नाणी यंत्राच्या पेटीत ठेवा. आजच्या नाण्यांवर ते चालेलच असं नाही.