बुंदीचे केस कोणी कातरले?

मुलांनो, ‘केसाने गळा कापणे’ हा वाक्प्रचार तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचला असेल. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच घात केला, असा त्याचा अर्थ. आज ज्या दोघींविषयी मी तुम्हांला सांगणार आहे, त्यांच्या बाबतीत गळा शाबूत राहिला. कापले गेले ते केसच! आणि तेसुद्धा जिवलग मैत्रिणीकडून.

या दोघी म्हणजे आमच्या घरातल्या चिंगी आणि बुंदी. दोघी गिनीपिग. नावात ‘पिग’ असलं तरी डुकराशी यांचं काही नातं नाही. खार, उंदीर यांच्यासारखा हा कुरतडणारा प्राणी. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या मुलखातला. पेरू, बोलिव्हिया या भागांत माणसाने त्याला हजारो वर्षांपूर्वीच माणसाळवलं. ‘‘पेरू देशातला आहे ना, मग त्याला पेरू आवडणारच,’’ असं आमच्या लेकीचं म्हणणं. आवडतो हे खरं. पण गोड फळ त्याला अगदी छोट्या फोडीएवढंच द्यायचं, बरं का!

चिंगी काळी-पांढरी आणि आखूड केसांची. बुंदी लाडवातल्या बुंदीसारखी पिवळसर, चांगली लांब केसांची. दोघी एकाच दिवशी घरी आल्या आणि एकत्रच वाढल्या. झोपायच्या त्याही एकमेकींना चिकटून. एकीला उचललं, की दुसरी ‘वीक् वीक्’ करून घर डोक्यावर घ्यायची.

गेल्या वर्षी श्रावणात बुंदीच्या मानेवरचे केस आखूड दिसू लागले. चार दिवसांनी खांद्यावरही तसंच. कुणी तरी बोथट कात्री चालवावी, तसे वेडेवाकडे. लेकीने पाळत ठेवली आणि चोर सापडला. रात्री सगळं शांत झालं, की चिंगी बुंदीला खेटून बसायची, तिच्या केसांची एक बट तोंडात धरायची आणि गवताची काडी चघळावी तशी कुरतडत राहायची. बुंदी? ती बिचारी हूं की चूं न करता बसून असायची.

घरात पंचायत बसली. आजोबांनी निकाल दिला, ‘‘दोघींना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा. प्रश्न मिटला.’’ लेकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ‘‘मग बुंदी झोपेल कुणाजवळ?’’ तिने विचारलं. या प्रश्नाला आजोबांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. बुंदीचे केस वाचवायचे, तर तिची एकुलती एक मैत्रीण तिच्यापासून तोडायची का?

दुसऱ्या दिवशी आम्ही बुंदीला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी केस बाजूला सारून कातडी पाहिली. मग लेकीला म्हणाले, ‘‘हे बघ, इथे खपल्या नाहीत, जखम नाही, कातडी स्वच्छ आहे. अंगावर बारीक किडे झाले असते, तर ही सारखी खाजवत बसली असती आणि कातडी खरबरीत झाली असती. नायटा असता, तर कोंड्यासारखे पापुद्रे सुटलेले चट्टे दिसले असते. तो माणसालाही होतो, म्हणून अशा जनावराला हात लावल्यावर हात धुवायचे.’’

‘‘पण डॉक्टरकाका, तिनं स्वतःच केस खाल्ले नसतील कशावरून?’’ लेकीने विचारलं. डॉक्टर हसले. ‘‘गिनीपिगचं तोंड स्वतःच्या कुशीपर्यंत पोहोचतं. स्वतःची मान आणि खांदे त्याला कुरतडता येतील का, सांग बरं!’’

पाहा, कसा सोपा पुरावा! गिनीपिगचे डोक्यावरचे, मानेवरचे केस कातरलेले दिसले, तर ते काम दुसऱ्याचंच. मात्र कानांच्या मागे जी छोटीशी टकली जागा असते, ती पाहून घाबरू नका. ती सगळ्याच गिनीपिगांना असते.

आता खरा प्रश्न : चिंगी असं का करत होती? तुम्हांला वाटेल, माकडं एकमेकांचे केस विंचरतात तसं हे प्रेम असेल. पण गिनीपिग काही माकडांइतके एकमेकांची साफसफाई करत बसत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. गिनीपिगांच्या कळपात एक वरचढ असतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात. बहुधा वरचढ असलेलाच दुसऱ्याचे केस कुरतडतो आणि दुसरा निमूट सहन करतो. जागा अपुरी पडली, कंटाळा आला किंवा चघळायला गवत कमी पडलं, की ही खोड बळावते.

गवताचं महत्त्व कळायला गिनीपिगच्या तोंडात डोकावायला हवं. त्याला वीस दात असतात आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायचे, तर दिवसभर काही तरी चावत राहायला हवं. म्हणून वाळलेलं गवत हे त्याचं मुख्य अन्न. आणि आमच्याकडे त्या महिन्यात झालं होतं काय, तर पावसाची झड लागलेली. बाजारात येणारं वाळलेलं गवत दमट, बुरशीचा वास मारणारं. ते घालता येत नव्हतं, म्हणून चांगलं गवत थोडं थोडं पुरवून चाललं होतं. गॅलरीत पाणी येत असल्याने तिथलं दोघींचं बागडणंही बंद झालेलं. चिंगीच्या दातांना काम नव्हतं आणि पायांना वाट नव्हती. समोर होते बुंदीचे लांबसडक केस!

डॉक्टरांनी खाण्याची चौकशी आणखी एका कारणासाठी केली. आपल्यासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक या शास्त्रज्ञांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही रोग झाला! हे जीवनसत्त्व कमी पडलं, की केसांची रयाही जाते. म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा हवाच.

‘‘मग वेगळं ठेवायचं का?’’ आजोबांनी विचारलंच. डॉक्टर म्हणाले, ‘‘रक्त निघेपर्यंत चावाचावी झाली, तर लगेच वेगळं करा. तेव्हाही मध्ये जाळी ठेवा, म्हणजे एकमेकींचा वास येत राहील. पण नुसते केस गेलेत, तर आधी बाकीचं सुधारून पाहा.’’ गिनीपिग हा कळपातला प्राणी. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालापासून नियमच आहे, की गिनीपिग एकटा पाळायचा नाही.

आम्ही ओळखीच्या गोठेवाल्यांकडून कोरडं गवत मिळवलं आणि पिंजऱ्यात दोन जागी ढीग केले, म्हणजे एकीने एक अडवला तरी दुसरीला दुसरा. पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांना दोन-दोन दारं कापली, म्हणजे बुंदी कोंडीत सापडणार नाही. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाखाली दोघींना मोकळं सोडलं आणि मिरचीचे तुकडे लपवून ठेवले. शोधा म्हणजे सापडेल!

गणपती आले तोवर बुंदीचे केस नव्याने कातरलेले दिसेनासे झाले आणि दसऱ्यापर्यंत तिची मान पुन्हा झुबकेदार झाली. खोड पूर्ण गेली म्हणाल, तर नाही. अजूनही एखाद्या रात्री चिंगी एखादी बट ओढते. पण दोघी झोपतात त्या मात्र एकमेकींना चिकटूनच.

तुमच्यापैकी कुणाकडे गिनीपिगांची जोडी असेल, तर आठवड्यातून एकदा दोघांचे केस बाजूला करून कातडी पाहा आणि आईच्या मदतीने वजनही करा. खपली, खाज, चट्टा किंवा जखम दिसली, की थेट डॉक्टरांकडे जा. आणि नुसतेच केस कातरलेले दिसले, तर चिंगीसारखीला दटावण्याआधी गवताची टोपली पाहा. ती रिकामी तर नाही ना?