मागचा दिवा



गेल्या वेळी उपवासानंतरच्या पारण्याच्या मुगाबद्दल लिहिलं होतं. आज स्वयंपाकघर सोडून थेट गाडीच्या मागच्या बाजूला जायचं आहे. हसू नका. एक गोष्ट वर्षभर मनात अडकली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची छोटी चंदेरी गाडी २०१० ची. चार लाख वीस हजारांना घेतली. दरसाल १५ टक्के घसारा धरला तर १४ वर्षांनी पुस्तकी किंमत ४३ हजारांच्या आसपास उरते. (बी.कॉम. केलंय, ते कुठेतरी वापरायला हवं.) त्यामुळे तिच्यावर फार खर्च करायचा नाही, असं घरात ठरलेलं. चोविहारामुळे आमचं जेवण सूर्यास्ताआधी, मग बाहेर पडणं नाहीच. म्हणजे ही गाडी अंधारात जवळजवळ कधी रस्त्यावर गेलीच नाही. मागचे दिवे कसे दिसतात, हे आम्हांला कळणार कुठून?

गेल्या जुलैत उल्हासनगरला पुतणीकडे गेलो होतो. जेवून साडेसहालाच निघालो, पण पाऊस असा, की अंबरनाथ ओलांडेपर्यंत पावणेआठ झाले. काचेवरचे वायपर हरले होते. हे अगदी सावकाश चालवत होते. आणि मागून धाडकन आवाज. एक दुचाकीवाला मुलगा उजव्या कोपऱ्यावर येऊन आदळला होता.

मुलगा विशीतला, एमआयडीसीत कामाला. मनगट धरून बसला होता. लोक जमले आणि जमलेल्यांनी नेहमीप्रमाणे लगेच निकाल दिला, "ही पोरं अशीच चालवतात." आमचे हेही चिडले होते. मुलगा एवढंच म्हणाला, "काकू, खरंच गाडी दिसली नाही हो." मी छत्री घेऊन मागे गेले आणि पाहिलं. उजव्या दिव्यावर पांढरे पोपडे, सालपटं निघाल्यासारखे. आत दिवा लागलेला होता, पण बाहेर येत होता तो फिकट गुलाबी डाग. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. मुलाने बंपरचे म्हणून खिशातले दोन हजार काढून दिले आणि यांनी ते घेतले. तेव्हाही मी बोलले नाही.

त्याचं मनगट मोडलं होतं, हे दुसऱ्या दिवशी यांनी फोन केला तेव्हा कळलं. घरात मी म्हटलं, "अहो, आपला दिवा दिसतच नव्हता." हे म्हणाले, "ब्रेक मारला की चांगला लाल दिसतो, वॉचमननेच पाहिलंय." तेही खोटं नव्हतं. आमच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. नुसता मागचा दिवा लागतो तेव्हा ५ वॅटची, ब्रेक दाबला की २१ वॅटची. एकवीसचा उजेड पोपड्यांतूनही बाहेर येतो, पाचचा आतच मरतो. आणि आम्ही तपासायचो ते नेहमी ब्रेक दाबून.

पोपडे आले कुठून? काही वर्षांपूर्वी बंपर रंगवायला दिला होता. रंगवणाऱ्याने चमक यावी म्हणून दिव्यावरही पारदर्शक लॅकरचा हात मारला, फुकट. आम्ही खूश. सोसायटीत छप्पर नाही, गाडीची पाठ पश्चिमेला. उन्हाने ते लॅकर तडकलं, सुटलं आणि खाली पाणी शिरलं. मूळ दिवा मात्र ठीक होता. पुढचे दिवे पॉलिकार्बोनेटचे, ते उन्हाने पिवळे पडतात. मागचे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, ते ऊन बरंच सोसतात. आमचं दुखणं वरच्या थराचं होतं.

नवा दिवा घेता आला असता. उल्हासनगरात कशाचीही नक्कल मिळते, हे तुम्हांला सांगायला नको. पण आधी घरी करून पाहायचं ठरवलं. शेजारच्या काकांनी थिनर सुचवलं. तेवढं करू नका. माझ्या सुनेच्या ॲक्रिलिकच्या ट्रेवर एकदा नेलपॉलिश रिमूव्हर सांडलं होतं, तो भाग कायमचा पांढरा झाला, बारीक भेगा पडल्या. दिव्याचंही तेच होतं. टूथपेस्टने फक्त हलका धुरकटपणा जातो, पोपड्यांवर ती काही चालत नाही.

हार्डवेअरवाल्याकडून वॉटर पेपर आणले: ८००, १०००, १५०० आणि २०००. आकडा वाढेल तसा कागद मऊ. सोबत रबिंग कंपाउंडची छोटी डबी. आधी साबणाने धुऊन कडेच्या पत्र्याला मास्किंग टेप लावली, नाहीतर रंगच खरवडला जातो. मग कागद पाण्यात भिजवून ८०० ने घासायला सुरुवात. पहिली भीती हीच, की लाल रंग निघाला तर? पण रंग प्लास्टिकमध्येच मुरलेला असतो. खूण सोपी आहे. पाणी दुधासारखं पांढरं निघतंय तोवर लॅकर जातंय, किंचित गुलाबी झालं की दिव्यापर्यंत पोचलात, ८०० चा कागद ठेवून द्या. माझा पाऊण तास त्यातच गेला. त्यानंतर दिवा सगळा धुरकट दिसतो आणि आपण वाटोळं केलं असं वाटतं. थांबू नका. पुढचे तीन कागद, दर वेळी दिशा बदलून, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे उरले की दिसतात. मग जुन्या बनियनवर कंपाउंड घेऊन गोल गोल. लालपणा असा वर आला, की मी यांना हाका मारून खाली बोलावलं. शेवटी मेणाचं पॉलिश, ते तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावायचं.

केंद्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा, असं आहे. संध्याकाळी यांना गाडीत बसवलं, ब्रेकवर पाय ठेवायचा नाही असं बजावलं आणि मी गल्लीत अडीचशे पावलं मोजत गेले. उजवा लख्ख दिसत होता. डावा, ज्याला मी हात लावला नव्हता, त्याच्याहून मंद. ह्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतात, कल्याणला फेरनोंदणीला न्यायची आहे, तेव्हा तेही दिवे बघतीलच. पण मी मोजत होते ते त्यासाठी नाही.

साधू-साध्वी चार हात पुढची जमीन बघत चालतात, ईर्यासमिती आपण लहानपणापासून ऐकतो. मागून येणाऱ्याला आपण दिसतो का, हा विचार मला पासष्टीपर्यंत शिवला नव्हता. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत आधी प्रमाद येतो. पाठशाळेत मी ते मुलांना शिकवते. पण दिव्याचा प्रमाद एक वेळ समजू शकते, रस्त्यावर मी गप्प बसले ते कशात मोडतं?

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी गेलो, दोन हजार आणि प्लास्टरचा खर्च घेऊन. यांनी आढेवेढे घेतले, पण आले. मुलाच्या आईने चहा टाकला. मी सांगितलं, "बाळा, चूक तुझी नव्हती. आमचा दिवा दिसत नव्हता. मी त्याच वेळी पाहिलं होतं." आई म्हणाली, जाऊ द्या, झालं ते झालं. मुलाने मात्र पाकीट हातात धरून विचारलं, "मग काकू, तेव्हाच का नाही बोललात? त्या सगळ्यांसमोर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

डावा दिवा ह्या रविवारी करायचा आहे. ८०० चा कागद संपलाय, तो आणायला हवा.