एलच्या हॉलमधला पाऊस

पुण्यात बाणेर-वाकडपासून वाघोलीपर्यंत ज्या फ्लॅटमध्ये मी स्पीकर लावायला जातो, त्यांतल्या बहुतेकांचा हॉल सरळ चौकोनी नसतो. हॉल आणि डायनिंग मिळून इंग्रजी एल तयार होतो. डावीकडे भिंत, उजवी बाजू डायनिंगकडे मोकळी, समोर टीव्ही युनिट, मागे भिंतीला टेकवलेला सोफा आणि एलच्या वळणावर छताखाली उतरलेला बीम. बिल्डरने ही खोली आल्यागेल्याच्या सोयीने आखलेली असते. तिथे पाच स्पीकर आणि एक सब-वूफर बसवायचा, तर भिंती विसरून आधी माणसाचे कान कुठे येतात ते बघावं लागतं.

म्हणून घरात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, “सिनेमा बघताना तुम्ही नक्की कुठे बसता?” यावर घरात थोडी चर्चा होते, कारण इतकी वर्षं कुणी ते ठरवलेलंच नसतं. जागा एकदा पक्की झाली, की तिथे बसल्यावर कान जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर येतात. माझा टेप त्या बिंदूपासून निघतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पाच स्पीकरांसाठीची शिफारस साधी आहे: मधला नाकासमोर, पुढचे दोन त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर, आणि सराउंडचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. सगळे ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर. ही आखणी एका वर्तुळावर बसते आणि वर्तुळाला खोलीच्या कोपऱ्यांशी काही देणंघेणं नसतं.

घरातल्यांना मात्र स्पीकर कोपऱ्यात हवे असतात. कोथरूडच्या एका घरात काकांनी आग्रहच धरला, “चार कोपऱ्यांत चार लावा, दिसायला सारखे दिसतील.” त्यांच्या हॉलचा मागचा उजवा कोपरा डायनिंगच्या पलीकडे, फ्रिजच्या मागे होता. तिथला स्पीकर फ्रिजलाच गाणं ऐकवत बसला असता. काकूंचा प्रश्न नेमका होता. “दादा, उजवीकडे भिंतच नाही, मग तो टांगणार कुठे?”

उत्तर बीमवर होतं. एलच्या वळणावरचा बीम बहुतेक घरांत सोफ्याच्या उजव्या टोकाच्या आसपासच येतो. सोफ्याकडच्या त्याच्या अंगाला ब्रॅकेट मारला, की नसलेल्या भिंतीचं काम होतं. पण बीम आरसीसीचा, आत सळया. मुख्य सळया खालच्या बाजूला असतात, म्हणून खालच्या कडेपासून लांब राहायचं, स्क्रू आखूड घ्यायचा आणि ड्रिल उथळ चालवायचं. बिट लोखंडाला लागली की धूळ पडायची थांबते आणि ड्रिलचा सूर बदलतो, हाताला झटका कळतो. तिथल्या तिथे थांबून भोक बाजूला सरकवायचं. जोर लावायचा नाही. घर त्या बीमवर उभं असतं. घरात आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर असेल, तर ड्रिल काढण्याआधी त्यांना विचारावं.

उजवा स्पीकर त्यामुळे उंच गेला, सोफ्याकडे तोंड करून खाली झुकलेला. डावा कानाजवळ लावता आला असता, तरी तोही मी तेवढ्याच उंचीवर नेला. सिनेमातला पाऊस एका बाजूला कानाशी आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर पडला, तर तो खोटा आहे हे मनाला लगेच कळतं. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असल्यामुळे कानांच्या मागे जायला जागाच नव्हती. दोन्ही थेट बाजूंना, ९० अंशांच्या जरासे पुढेमागे आले. शिफारशीपेक्षा थोडं कमी, पण दोन्हीकडे सारखंच कमी. अशा खोलीत मी कोनाच्या नेमकेपणापेक्षा हा सारखेपणा आधी सांभाळतो.

अंतर मात्र सारखं करता येत नव्हतं. डावा चार फुटांवर, उजवा आठ. आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागात एका फुटापेक्षा थोडा जास्त चालतो, म्हणजे चार फुटांच्या फरकाला असे साधारण साडेतीन भाग. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली आपल्या प्रबंधात दाखवलं होतं, की एकच आवाज दोन ठिकाणांहून अगदी थोड्या फरकाने आला, तर कान तो आधी पोचलेल्या दिशेचाच धरतो. दुसरा थोडा मोठा असला तरीही. म्हणजे जवळचा स्पीकर सगळा आवाज आपल्याकडे ओढून घेणार. यावर इलाज सगळे स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरमध्येच असतो. प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरलं, की तो जवळच्याला तेवढा वेळ थांबवतो. मग आवाज मोजायचं मीटर कानाच्या उंचीवर धरून एकेका स्पीकरची पातळी सारखी करायची. रिसीव्हरसोबत आलेला माइक वापरायचा असेल, तर तो कॅमेऱ्याच्या स्टँडवर लावावा आणि पंखा बंद करावा. सोफ्याच्या गादीवर ठेवलेला माइक गादीचंच मोजमाप घेतो.

बेसचा हिशोब वेगळा. समोरासमोरच्या दोन भिंतींत १२ फूट अंतर असलं, तर ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्यांच्यामध्ये अडकून घुमतो. भिंतींजवळ तो फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. एलच्या हॉलमध्ये लांबी-रुंदीच्या जोड्या जास्त, त्यामुळे हे फुगवटे आणि खड्डे कुठे येतील ते कागदावर सांगणं कठीण. म्हणून मी सब-वूफर उचलून थेट सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवतो, बेसची एकसारखी चाल असलेलं गाणं लावतो आणि गुडघ्यांवर बसून, डोकं फरशीजवळ नेत भिंतीच्या कडेने सरकत जातो. डायनिंगच्या कोपऱ्यात बेस इतका साठतो, की क्रॉकरीच्या कपाटातल्या बश्या किणकिणायला लागतात. टेरेसच्या दाराशी तो पातळ होतो. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक हात-दीड हात जागा सापडते, जिथे प्रत्येक सूर सारख्याच वजनाने ऐकू येतो. सब-वूफर तिथे जातो. सोफ्यावर बसलं की तोच समतोल परत मिळतो, कारण ध्वनीची वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते.

खोली किती घुमते ते कळायला एक टाळी वाजवून बघावी. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि उघड्या भिंती असल्या, तर टाळीमागून टर्रर्र असा बारीक आवाज येतो. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड गालिचा घातला आणि डाव्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट लावलं, की तो बराच मरतो. कपाटाचा आणखी एक फायदा होतो. डावा पुढचा स्पीकर भिंतीजवळ असल्याने त्याचा आवाज भिंतीवरून परतून येतो आणि उजव्याचा, मोकळ्या बाजूच्या, तसा येत नाही. उंच-ठेंगण्या पुस्तकांवर आवाज विखुरला, की त्या दोघांमधला फरक कमी होतो.

म्हाताऱ्या माणसांची तक्रार नेहमी एकच असते, “बोललेलं कळत नाही.” सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात आणि सुताराने तो नेमका टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असतो. तो कडेपर्यंत पुढे ओढावा, खाली रबराची पाचर लावून तोंड किंचित वर करावं. कोथरूडच्या त्या घरातल्या आजींना एवढ्यानेच बोलणं कळायला लागलं. माझ्या दृष्टीने त्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम तेच होतं.

शेवटी मी ‘किल्ला’ हा सिनेमा लावतो, गडावर एकटा राहिलेला मुलगा आणि कोकणातला पाऊस. त्या वेळी खोलीकडे लक्ष जाता कामा नये. डावीकडे भिंत आहे आणि उजवीकडे नाही, हे आठवलं तर मी पुन्हा टेप काढतो.

नवा फ्लॅट घेतला असेल, तर एक विनंती आहे. टाइल्स आणि पीओपी होण्याआधी टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या दोन्ही बाजूंपर्यंत एक इंची पीव्हीसी पाइप रिकामाच टाकून घ्या. वळणांना काटकोनी एल्बो नको, लांब बेंड वापरायला सांगा, आणि आत एक तार ओढून ठेवा. सोफा कुठे येणार हे इलेक्ट्रिशियनला जमिनीवर खडूने काढून दाखवा. स्पीकर कोणते घ्यायचे ते वर्षभराने ठरवलंत तरी चालेल.