राजा आणि त्याचे वारस

गेल्या वैशाखात आमचा थोरला पुतण्या लंडनहून चार आठवड्यांच्या रजेवर घरी आला. त्याला आणावयास मी मुंबईस गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उभयता गेटवेवरून मांडव्याच्या लाँचीत बसलो. लाँच धक्क्यापासून दूर होऊ लागली तेव्हा त्या भव्य कमानीकडे पाहत तो म्हणाला, "काका, तिकडचे नागरिकत्व घ्यावे असा विचार आहे. शेवटी एक शपथ घ्यावी लागते. राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांच्याशी एकनिष्ठ राहीन, अशी."

मी काहीच बोललो नाही. ती कमान पाचव्या जॉर्ज बादशहाच्या 1911 मधील आगमनाचे स्मारक म्हणून उभारलेली. ती 1924 साली पुरी झाली, आणि 1948 च्या फेब्रुवारीत गोऱ्या पलटणीची अखेरची तुकडी तिच्याखालूनच स्वदेशी परतली. एवढे सारे घडून गेल्यावर आमच्याच घरातील मुलाने त्याच गादीशी निष्ठेची शपथ वाहावी, याचे मला वाईट वाटले हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. परंतु त्या शपथेतील 'राजा' या शब्दापेक्षा 'वारस' हा शब्द मला अधिक टोचला. अलिबागच्या माणसाला तो टोचावा यास कारण आहे.

1838 च्या अखेरीस येथील राघोजी आंग्रे निवर्तले. त्यांच्यामागे जन्मास आलेला मुलगाही तान्हेपणीच गेला. दत्तकाची परवानगी मागण्यात आली. कंपनी सरकारने ती नाकारली आणि 1840 साली कुलाब्याचे संस्थान खालसा केले. अशा रीतीने संस्थाने गिळण्याच्या धोरणाशी आपण डलहौसीचे नाव जोडतो, परंतु तो साहेब हिंदुस्थानात येण्यापूर्वी आठ वर्षे हा प्रयोग आमच्या गावी होऊन चुकला होता. (मुंबईतील आरमाराच्या तळाचे 'डलहौसी' हे नाव जाऊन 1951 साली तेथे 'आंग्रे' हे नाव आले, तेव्हा आमच्या तीर्थरूपांनी घरी पेढे वाटले होते म्हणतात.) यातील मौज अशी की, 1840 साली लंडनच्या सिंहासनावर व्हिक्टोरिया राणी होती, आणि चुलत्यास औरस संतती उरली नाही म्हणूनच तीन वर्षांपूर्वी ती त्यावर आली होती. तिकडे पुतणी चालली. इकडे दत्तक चालला नाही!

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर माजघरात हा विषय निघाला, आणि मी, वाचकांस सांगावयास हरकत नाही, पुष्कळच बोललो. म्हटले, जन्माने मिळालेले पद हे मुळातच अन्यायाचे. कान्होजी आंग्र्यांनी सरखेली आपल्या कर्तृत्वाने मिळविली. 1729 साली ते गेले आणि थोड्याच वर्षांत संभाजी व मानाजी या भावांत अशी जुंपली की पेशव्यांना दौलतीची वाटणी करून द्यावी लागली. पुढे 1756 मध्ये तुळाजींचे आरमार विजयदुर्गाच्या खाडीत जळाले, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. बापाचा पराक्रम मुलाच्या अंगी उतरतोच असे नाही, मग पद तरी का उतरावे? आणि ज्या राजास राज्य करावयाचे नाही, केवळ मुकुट धारण करावयाचा आहे, त्याच्या दरबारासाठी व वाड्याच्या दुरुस्तीसाठी 2025-26 या एका सालात 13 कोटी 21 लाख पौंड कशाला? आपण 1971 साली घटनेत दुरुस्ती करून संस्थानिकांचे तनखे व पदव्या बंद केल्या. त्याने आपले काय बिघडले?

वहिनी शेंगा सोलीत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, राजाचे मला ठाऊक नाही. पण निवडून द्यायचे म्हटले की दोन तट आलेच. ग्रामपंचायतीच्या वेळी सख्ख्या जावा महिनाभर बोलत नव्हत्या. सर्वांच्या वर एक माणूस असा असावा की ज्याच्यासाठी कोणालाच भांडावे लागू नये."

इंग्लंडातील राजपक्षाचे पंडित याहून निराळे काही सांगत नाहीत. त्या लोकांनी 1649 साली राजाचा शिरच्छेद केला, अकरा वर्षे राजावाचून काढली, आणि 1660 मध्ये त्याच्याच मुलाला परत बोलावून गादीवर बसविले; त्या अनुभवाच्या मुळाशी वहिनींचाच विचार होता. मी उत्तर जुळवीत होतो, तोच पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, आपल्या घरचा नारळ कोणी निवडून दिला?"

येथे थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या घराण्याकडे पूर्वी खोती होती. जवळच चरी येथे 1933 पासून 1939 पर्यंत शेतकऱ्यांनी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप चालविला. त्या संपाच्या गोष्टी आमच्या घरी हलक्या आवाजात सांगितल्या जात. पुढे 1949 च्या कायद्याने खोती गेली. जमीन गेली, धान्याचा वाटा गेला, अंगणात येऊन बसणारी माणसे येईनाशी झाली. एक गोष्ट मात्र कायद्यात बसत नव्हती म्हणून राहिली. चैत्री पौर्णिमेस ग्रामदैवताची पालखी निघते ती पहिली आमच्या अंगणात येते, आणि पहिला नारळ आमच्या घरचा फुटतो. सत्ता नाही, उत्पन्न नाही, नुसता मान. लंडनच्या राजाचेही आज याहून फार वेगळे नाही.

मी पुतण्याला म्हटले, "अरे, यात कोणाचे काय जाते?" परंतु बोलताबोलताच माझ्या डोळ्यांपुढे एक वृद्ध आगरी गृहस्थ उभे राहिले. माझ्या लहानपणापासून मी त्यांना पालखीचा पुढचा दांडा धरताना पाहत आलो. आता त्यांचा मुलगा धरतो. त्यांचे घर खाजणाच्या कडेला, गावाच्या शेवटी. पालखी तेथे पोहोचते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, वाजंत्री थकलेली असतात, आणि घरातील मुले आरतीची वाट पाहून ओटीवरच झोपी गेलेली असतात. पालखी ज्यांच्या खांद्यावर, त्यांच्या दारी ती सर्वांत शेवटी! साठ वर्षे मी हे पाहिले आणि त्यात काही विचारण्यासारखे आहे असे माझ्या मनात एकदाही आले नाही. 'कोणाचे काय जाते' हे ठरविण्याचा अधिकार नारळ फोडणाऱ्याचा नव्हे, एवढे त्या रात्री मला कळले. झोप लागली नाही.

वहिनींचा मुद्दा तरीही खोटा नव्हता. पहिल्या मानासाठी मतदान ठेवले तर पालखी देवळाबाहेर पडणार नाही, हे मलाही दिसत होते. पण जन्म आणि निवडणूक या दोहोंखेरीज तिसरी वाट आपल्या गावगाड्यात जुनीच आहे, ती म्हणजे पाळी. दरवर्षी देवापुढे चिठ्ठ्या टाकाव्यात. निघेल त्या घरी पालखी प्रथम जावी. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली, वरून कोणी भाग पाडलेले नसता, आपला राज्याधिकार प्रजेच्या हाती दिला. तनखे काढून घेतले गेले तेव्हा दिलेले वचन मोडले म्हणून कित्येक राजेमहाराजे हळहळले. काढून घेतले जाण्यापूर्वी देणे आणि काढून घेतल्यावर हळहळणे यांत मला पहिले बरे वाटले.

पुतण्या परत जाण्यापूर्वी मी गावकीच्या नावे पत्र लिहून काढले. मान सामाईक असल्याने पाच शाखांच्या सह्या हव्यात. तीन झाल्या आहेत. पुण्याच्या चुलतबंधूंनी दूरध्वनीवर मला वेड्यात काढले. त्यांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. पुतण्याची शपथ दिवाळीनंतर आहे. तिच्याविषयी मी त्याला पुन्हा काही बोललो नाही.

वहिनींची सही चौथी. चष्मा लावून त्यांनी पत्र दोनदा वाचले, सही केली आणि म्हणाल्या, "चिठ्ठी कोणाचीही निघो भावजी, पहिल्या वर्षी नारळ मात्र आपल्या परसातला द्या."