आकडा एकशेनव्वद, पण मावशी बोलतायत

मेंदूच्या तळाशी असलेला रक्तवाहिनीचा फुगा फुटतो, वेळेत ऑपरेशन होतं, फुग्याला क्लिप लागते किंवा मांडीतून तार नेऊन त्यात कॉइल भरली जाते. नातेवाईकांचा जीव भांड्यात पडतो. आमचा पडत नाही. ‘‘ऑपरेशन छान झालं म्हणालात ना डॉक्टर, मग वॉर्डात कधी हलवणार?’’ यावर मी ‘‘अजून दोन आठवडे नजरेखाली ठेवू’’ म्हणतो, तेव्हा काहींच्या चेहऱ्यावर बिलाची शंका उमटते. ती स्वाभाविकच आहे.

कारण वेगळं असतं. मेंदूभोवतीच्या पाण्यात सांडलेलं रक्त मोडायला लागलं, की त्यातल्या द्रव्यांमुळे तळाच्या मोठ्या धमन्या आक्रसतात. या व्हॅसोस्पाझमची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास तो ऐन भरात असतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. अँजिओग्राफीत तो दोन-तृतीयांश रुग्णांमध्येही दिसू शकतो, पण त्यापायी हातपाय लुळे पडणं, शुद्ध हरपणं असा त्रास साधारण एक-तृतीयांशांनाच होतो. आमची सगळी डोकेदुखी या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

रोज उठून अँजिओग्राफी कोण करणार? सोनोग्राफी करावी, तर कवटीचं जाड हाड ध्वनिलहरी गिळून टाकतं. 1982 साली बर्नमध्ये रुने आस्लिड आणि सहकाऱ्यांनी 2 मेगाहर्ट्झचा प्रोब कानशिलावरच्या पातळ हाडावर टेकवून आतल्या धमन्यांमधला प्रवाह पकडला. त्याचा स्पाझमसाठी कसा उपयोग होतो, हेही त्यांनी दोन वर्षांत दाखवून दिलं. ही ट्रान्सक्रेनियल डॉप्लर तपासणी; आम्ही तिला टीसीडी म्हणतो.

यात धमनीचं चित्र दिसत नाही. कानाच्या पुढे जेल लावायची, प्रोब टेकवायचा आणि कणाकणाने कलवत राहायचं. आधी नुसती खरखर ऐकू येते. मग पाचेक सेंटिमीटर खोलीवर नाडीच्या तालात ‘हुश्श... हुश्श’ सुरू होतं. ही मिडल सेरेब्रल धमनी. आणखी आत, साडेसहाच्या आसपास, आलेख रेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे उमटला, की धमनीचा फाटा सापडला म्हणायचं. इथे घाई करणाऱ्याला चुकीची धमनी मोजल्याचंही कळत नाही.

पाण्याच्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार जोरात उडते, तसा अरुंद धमनीत रक्ताचा वेग वाढतो. सरासरी वेग एरवी सेकंदाला 60 सेंटिमीटरच्या आसपास असतो. 120 च्या वर गेला तर सावध व्हायचं. 200 च्या वर म्हणजे प्रकरण गंभीर. पण वेग ताप, रक्तक्षय किंवा आम्हीच चढवलेलं बीपी यांनीही वाढतो. म्हणून मानेतल्या धमनीचा वेगही मोजायचा आणि डोक्यातल्या वेगाला त्याने भागायचं. हे लिंडेगार्ड गुणोत्तर. ते तीनच्या आत असेल तर बहुधा नुसता प्रवाह वाढलेला असतो. सहाच्या पुढे गेलं तर धमनी खरोखर आवळलेली असते. आणि एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. कालचा 90 आज 145 झाला, तर आजच हालचाल हवी.

तरीही मी आधी पाहतो ते रुग्णाकडे. ‘‘मावशी, डोळे मिटा, दोन्ही हात पुढे धरा बघू.’’ आकडा 190 असून मावशी नातवाची चौकशी करत असतील आणि हात ढळत नसेल, तर मी त्यांच्यावर नुसती नजर ठेवतो. आकडा 130 असला, पण त्या सकाळपासून पेंगत असतील आणि डावा हात हळूच वळून खाली येत असेल, तर सीटी अँजिओग्राफी होते, बीपी चढवलं जातं आणि गरज पडली तर कॅथलॅबमध्ये नेऊन धमनी रुंद केली जाते. ‘टीसीडी नॉर्मल’ या दोन शब्दांवर निश्चिंत झोपणारे डॉक्टर मला कधी कळले नाहीत.

निमोडिपिनच्या 60 मिलिग्रॅमच्या मात्रा दर चार तासांनी 21 दिवस चालूच असतात. गंमत अशी, की या औषधाने अँजिओग्राफीतला स्पाझम फारसा हलत नाही, पण रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढतं.

दहातल्या एखाद्या रुग्णाचं, विशेषतः वयस्क बायकांचं, कानशिलाचं हाड ध्वनीला आत जाऊच देत नाही. तिथे प्रोब बाजूला ठेवायचा. सिस्टर दर तासाला हात उचलायला सांगतात, नाव-गाव विचारतात आणि चार्टवर टिपतात. त्यात काही बदल दिसला, तर तो रात्री दोन वाजताही फोन करून कळवावा, असं मी त्यांना सांगून ठेवलेलं असतं.