तलावाकाठच्या माणसाने समुद्रात डोकावताना

नवेगावबांधच्या काठावर आपण अनेक संध्याकाळी घालविल्या असतील. तलावांच्या या गोंदिया जिल्ह्यात पाणी कुणालाच परके नाही. पण आपण ते वरूनच पाहिलेले असते. ते आतून पाहण्याची इच्छा मला चौसष्टाव्या वर्षी झाली. आपल्यालाही झाली, तर तिला वेडेपणा म्हणू नका.

गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर गाठावे आणि पुढे घाट उतरून मालवणला जावे. प्रवास लांबचा आहे, पाय सुजतात. म्हणून पोहोचल्यावर एक रात्र पूर्ण विश्रांती घ्यावी. 1664 मध्ये पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात स्कूबा आणि स्नॉर्कलिंग दोन्ही चालतात. पावसाळ्यात मात्र बंद असतात.

स्नॉर्कलिंगमध्ये आपण पृष्ठभागावर पालथे तरंगत नळीने श्वास घेतो. स्कूबात टाकी घेऊन खाली जातो. या टाकीत ऑक्सिजन असतो, असा सर्रास समज आहे. पर्यटकांच्या टाकीत सहसा साधी हवाच दाबून भरलेली असते. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. नवख्याला तितके खोल नेत नाहीत, तरी कानांना दाब लगेच जाणवतो. तेव्हा नाक चिमटीत धरून हळुवार हवा फुंकावी. वर येताना श्वास कधीही रोखू नये. कोंडलेली हवा प्रसरण पावून फुप्फुसाला इजा करते. सर्दी असेल, तर त्या दिवशी उतरूच नये.

होडीत बसण्यापूर्वी आरोग्याचा एक अर्ज पुढे येतो. ‘रक्तदाबाची गोळी घेता का?’ या प्रश्नापाशी माझा हात थबकला. मुलगा हळूच म्हणाला, ‘बाबा, नाही लिहा, कोण विचारतंय!’ मी ‘होय’ लिहिले. डॉक्टरांच्या पत्राशिवाय नेणार नाही, असे प्रशिक्षकाने नम्रपणे सांगितले. मुलगा पाण्यात उतरला. मी होडीत फुरंगटून बसलो. खरे सांगायचे, तर अपमान वाटला.

गावी परतल्यावर डॉक्टरांनी ईसीजी आणि ताणचाचणी करविली. पाण्यात शरीर बुडताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते व हृदयावरील भार वाढतो, हे त्यांनीच समजाविले. स्नॉर्कलिंगलाही ते लागू आहे, म्हणून त्यालाही सोपे समजू नये. मला परवानगी मिळाली ती तेवढ्याचीच: जीवरक्षक जाकीट घालून आणि सोबत माणूस ठेवून.

घरातील मंडळींना एक विनंती. ‘या वयात कशाला?’ म्हणण्याआधी ज्येष्ठांना डॉक्टरांकडे न्या. मोतीबिंदूची किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असल्यास तेही सांगा. कवळी सैल असेल, तर आधीच विचारा. नळीचे रबरी टोक दातांनीच धरायचे असते. स्कूबानंतर निदान अठरा तास विमानप्रवास नको.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा मालवणला गेलो. पाण्यात चेहरा बुडवताच प्रथम स्वतःच्याच श्वासाचा मोठा आवाज आला आणि मी घाबरून मान वर काढली. तिसऱ्या प्रयत्नात श्वास स्थिरावला. खाली खडकावर पट्ट्यापट्ट्यांचे मासे निवांत फिरत होते. त्यांना माझी काहीच दखल नव्हती. दहा मिनिटांनी दमलो. होडीची शिडी मात्र गुडघ्यांना पेलवेना. दोघांनी हात धरून मला वर ओढले.